मौलवीसाबांचं पूर्ण वाक्य

परदेशी शिकायला गेलेला म्हटलं की लोकांना आगबोट आठवते, कोट आठवतो, काटाचमचा आठवतो. माझा परदेश आमच्या गावापासून दीड कोसावर सुरू व्हायचा. अफजलपूरकडून सोलापूरला जाणाऱ्या रस्त्यावर नाका होता. आडवा बांबू, कडुलिंबाखाली एक टेबल आणि टेबलामागं करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, अमीन. बांबूच्या अलीकडं निजामाचं राज्य, पलीकडं परका मुलूख, इंग्रजाच्या सावलीतला. तारीखसुद्धा दोन्हीकडं एक नव्हती. आमच्याकडं खुर्दाद चालू असला की तिकडं एप्रिल असायचा. तिकडं गेलं की लोक विचारायचे, "मोगलाईतून आलात का?" जणू मोगल अजून आमच्या चुलीपाशी मांडी घालून बसलेत.

मी गेलो कशाला, हे आधी सांगतो, कारण पुण्यात ते कुणाला कळलं नाही आणि गावात अजून कळत नाही. आमच्या राज्यात विद्यापीठ एक. तिथं रसायनापासून कायद्यापर्यंत सगळं उर्दूत. आमच्या घरात अप्पा रागावले तर कन्नडात रागवायचे, आई मराठीत समजूत घालायची, दुकानात दोन्ही मिसळून चालायचं. उर्दूत आमच्या घरी कुणी कधी पाणीसुद्धा मागितलं नव्हतं. पण शाळा पहिल्यापासून उर्दू. मला ती जमत नव्हती म्हणून मी पळालो, असं कुणी समजू नये. तालुक्यात माझ्याइतकं चांगलं उर्दू लिहिणारा दुसरा मुलगा नव्हता. मी रागानं गेलो. सतराव्या वर्षी पहिलं पत्रक लिहिलं आणि त्यात ठोकून दिलं की ज्या भाषेत माझी आई मला हाक मारत नाही, त्या भाषेत मी पदवी घेणार नाही. पत्रकात एकदा छापलं की माघार नसते. निदान तेव्हा मला तसं वाटायचं.

बाहेरच्या मुलुखात शिकायला जायचं तर चालचलनाचा दाखला लागायचा, आणि मुलगा चळवळीत नाही अशी कुणा सरकारी माणसाची जमानत. आमच्या तालुक्यात तरी तसं होतं. मी मौलवीसाबांकडं गेलो. ते आमच्या शाळेचे सदर मुदर्रिस, म्हणजे मुख्य मास्तर. उंच, किडकिडीत, शेरवानीच्या बाहीला कायम शाईचा डाग. माझा हात त्यांनी घडवला होता. बोरूचं टोक कसं कापायचं, अक्षराचं पोट किती फुगवायचं, ओळ कुठं उचलायची, सगळं त्यांचं. चार पोरांचं लिखाण एकत्र ठेवलं तरी त्यातलं मौलवीसाबांच्या हाताखालचं कुठलं, हे तालुक्याच्या कचेरीतला कारकूनही ओळखायचा.

त्यांनी दाखला लिहिला, जमानतीवर सही केली, वाळू टाकून शाई टिपली आणि कागद लगेच हातात दिला नाही.

"लिख दिया मैं," ते म्हणाले. "अब मेरे कू झूटा नक्को बनाना."

मी मान हलवली. तेव्हा माझ्या पिशवीत दुसऱ्या पत्रकाचा मसुदा होता.

त्या दिवशी ते बराच वेळ बोलत बसले. मुलं घरी गेली होती. शाळेच्या ओसरीवर बसून त्यांनी शाळेबद्दल एक गोष्ट सांगितली, कुणाला सांगू नये अशी. मी ती कान देऊन ऐकली. पत्रक लिहिणारा माणूस कधी नुसता ऐकत नाही. त्याला काय वापरता येईल ते तो बाजूला काढत असतो.

पुण्याच्या कॉलेजात मी पहिल्या दिवशी शेरवानी घालून गेलो. माझ्याकडं चांगला कपडा तोच होता. प्राध्यापक वर्गात आले तसा मी उभा राहिलो आणि आमच्या शाळेच्या रिवाजाप्रमाणं वाकून कपाळाला हात लावला. सगळा वर्ग बसलेला, मी एकटा वाकलेला. हजेरीत माझं नाव आलं तेव्हा तोंडातून निघून गेलं, "हाजिर." असं हसले लेकाचे, की प्राध्यापकांना टेबल वाजवावं लागलं. त्या दिवसापासून मी 'नवाब' झालो आणि आठवड्याभरात 'मोगलाई'.

माझ्या शेजारी चष्म्यातला एक पुण्याचाच मुलगा बसायचा. स्वभावानं वाईट नव्हता, पण जीभ चुरचुरीत. मी वही काढून लिहायला लागलो तसा तो वाकून बघायला लागला.

"अहो मोगलाई, वही उलटी धरलीत."

"उलटी न्हाई. माझी हाय ती."

"आणि शेवटच्या पानापासून सुरुवात?"

"तुमचं शेवटचं. माझं पहिलं."

खरं ते सांगतो. मला बाळबोध, म्हणजे देवनागरी, लिपी येत होती, पण मुंगीच्या चालीची. प्राध्यापक इंग्रजीत बोलायचे, आणि तेवढ्या वेगानं हात चालायचा तो फक्त उर्दू अक्षरांत. म्हणून इंग्रजी शब्द उर्दू अक्षरांत, त्याचा मराठी अर्थही उर्दू अक्षरांत, उजवीकडून डावीकडं, भराभर. अर्थशास्त्राच्या तासाला प्राध्यापक फिरत फिरत माझ्यापाशी आले आणि वही उचलली. त्यांनी ती आधी एका बाजूनं बघितली, मग दुसऱ्या.

"हे काय आहे?"

"तुम्ही शिकवलंत ते, सर."

"कुणाला पाठवायचं आहे?"

वर्ग पुन्हा हसला. मी वही मागून घेतली आणि त्यांचा अर्ध्या तासाचा तास त्यांच्याच शब्दांत वाचून दाखवला, त्यांनी मध्ये घेतलेल्या खोकल्याची जागा सोडून. तिथं थांबलो असतो तर माझं भलं झालं असतं.

"उत्तम," ते म्हणाले. "पण मग हे मराठीत का लिहीत नाही?"

"तुम्ही मराठीत का शिकवत नाही, सर?"

"इंग्रजी जगाची भाषा आहे. त्यावाचून वरचं शिक्षण होत नाही."

"आमच्याकडं उर्दूबद्दल हेच सांगतात, सर. शब्दसुद्धा हेच."

मला वर्गाबाहेर घालवलं. बाहेरच्या पायरीवर बसून मी स्वतःवरच चिडलो. एका सरकारची भाषा नको म्हणून शंभर कोस आलो आणि दुसऱ्या सरकारच्या भाषेसमोर पाटी घेऊन बसलो होतो. आणि गंमत अशी, की हे पुण्याचे लोक सकाळी प्रभातफेरीत मातृभूमीचा जयजयकार करायचे आणि अकरा वाजता त्याच तोंडानं इंग्रजीत हजेरी द्यायचे. त्यांना त्यात काही खुपत नव्हतं. खुपायचं ते माझं 'जायलोय' आणि 'करायलोय'. खाणावळीत मी "भाकरी संपायलीय" म्हटलं की वाढपीसुद्धा ओठ दाबायचा.

चष्मेवाला मात्र तास संपल्यावर पायरीवर येऊन बसला.

"बोललात ते बरोबर होतं," तो म्हणाला. "पण बोलायची काही गरज नव्हती."

"बरोबर असल्यावर गरज कामून नसती?"

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि सांगितलं, "तुम्ही फार दिवस टिकणार नाही इथं." टिकलो. त्याला खोटं पाडायचं म्हणून तरी टिकलो.

आम्हा हद्दीपलीकडच्या चार-पाच मुलांची एक खोली होती. तिथून पत्रकं निघायची. मी मजकूर रचायचो. रचायचो मराठीत, उतरवायचो उर्दू अक्षरांत, आणि लातूरकडचा एक जण ऐकून बाळबोधीत उतरवून छापखान्यात न्यायचा. ही आमची रीत होती. सोयीची होती आणि मला सुरक्षितही वाटायची. वही टेबलावर उघडी टाकून मी अंघोळीला जायचो. पुण्यात ती वाचणार कोण? ती लिपी म्हणजे माझ्या वहीला लावलेलं कुलूप होतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी आमच्या तालुक्यातल्या शाळांवर मी एक मसुदा केला. परीक्षा सुट्टीनंतर होती, म्हणून वर्षभराचं टिपण घरी न्यायचं होतं, आणि मसुदा त्याच वहीत मागं होता. निघताना मी पेटी बारकाईनं तपासली. मराठीत छापलेला एक कागद ठेवला नाही. वर्तमानपत्रात गुंडाळलेला साबण होता, तो कागदसुद्धा सोडवून टाकला. पेटी धुतल्यासारखी स्वच्छ करून, उर्दू अक्षरांतली ती वही वरच, हाताशी, ठेवून मी उर्दूच्या राज्यात निघालो. इतका हुशार माणूस आमच्या तालुक्यातून पुण्याला गेला होता.

नाक्यावर दुपार होती. मोटार थांबली, पेट्या खाली उतरवल्या. अमीन पन्नाशीचा, पान खाल्लेला, वागायला मऊ. त्यानं माझी इंग्रजी पुस्तकं झटकून बघितली आणि ठेवून दिली. मग वही उघडली आणि त्याचा चेहरा बदलला. खूश झाला तो.

"वाह," तो म्हणाला. "पूना से आ रहे और ये हात? किसने सिखाया?"

सबंध वर्षात माझ्या त्या अक्षराला पहिल्यांदा कुणी चांगलं म्हटलं होतं. पुण्यात त्याच अक्षरापायी मला नवाब म्हणून चिडवलं होतं, हेर म्हणून हिणवलं होतं, वर्गाबाहेर घालवलं होतं. माझी छाती फुगली. मी मौलवीसाबांचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, ते सदर मुदर्रिस आहेत हेही सांगितलं. न विचारता सांगितलं.

अमीन पानं उलटत गेला, अक्षर बघत. मागच्या पानांवर थांबला. त्याला अक्षर वाचता येत होतं, पण भाषा कळेना, कारण ती मराठी होती. त्यानं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, अडखळत, जसं परक्या गावची पाटी वाचावी तसं. बांबूपाशी एक शिपाई उभा होता, आमच्याच बाजूचा, शेतकरी घरातला. त्याला अक्षर येत नव्हतं, पण भाषा त्याची होती. अमिनानं त्याला हाक मारली.

"सुन. क्या बोलता ये?"

अमीन वाचायचा, त्याला काही कळत नव्हतं. शिपाई ऐकायचा, त्याला सगळं कळत होतं. दोघांचा मिळून एक वाचणारा माणूस तयार झाला आणि माझ्यासमोर उभा राहिला. शिपायानं दोन ओळी ऐकल्या, माझ्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाला, "साब, शेतीचं कायतरी हाय. पीकपाण्याचं."

मी त्या माणसाला आजही विसरलो नाही. पण आमची मराठी तरी कुठं सोवळी आहे? त्यात तालीम आलं, जबरदस्ती आलं, सरकार आलं, मुदर्रिस आलं. अमिनानं ते शब्द शेतातून खडे वेचावेत तसे वेचले.

"खेती में मुदर्रिस क्या करता रे?"

शिपाई मान खाली घालून उभा राहिला. मग अमिनानं दरडावून विचारलं आणि शिपायानं सांगितलं. मी लिहिलं होतं, 'आमच्या गावच्या सदर मुदर्रिसांनी स्वतः मला सांगितलं की मी शिकवतो ते पोरांना कळत नाही, हे मला माहीत आहे. सरकारच्याच मास्तरानं दिलेली ही कबुली आहे.' नाव लिहिलं नव्हतं, एवढी अक्कल होती. नाव मी तोंडानं दिलं होतं, घटकाभरापूर्वी, छाती फुगवून.

वही लाल फडक्यात बांधली गेली. मला संध्याकाळपर्यंत कडुलिंबाखाली बसवलं आणि सोडून दिलं. मला ठेवून त्यांना काय मिळणार होतं? जमानत ज्यानं दिली तो माणूस त्यांच्या हातात आला होता.

अप्पांना सांगितलं तेव्हा ते कन्नडात रागावले नाहीत. मराठीत बोलले, आईसारखं, आणि तेच जास्त लागलं.

"तिथं शिकायलास का मोठेपणा मिरवायलास?"

"सरकारचा जुलूम हाय अप्पा. माझी काय चूक?"

"जुलूम सरकारचा हाय, व्हय. त्या मास्तरचं नाव सरकारनं सांगितलं का तू?"

मौलवीसाबांना हुकूम यायला दोन आठवडेही लागले नाहीत. सदर मुदर्रिस होते, ते साधे मुदर्रिस झाले. बदली पार तेलंगणात, रानाकडच्या एका गावी, तेलुगू बोलणाऱ्या मुलांना उर्दूत शिकवायला. त्यांना तेलुगूचा एक शब्द येत नव्हता. म्हातारपणी माणसाला याहून अचूक शिक्षा कुणी शोधून काढली असेल तर मला दाखवा.

मी गेलो तेव्हा दारात गाडी लागली होती. ट्रंक, दोन गोधड्या, कुराणाची पेटी. ते मला बघून घरात गेले नाहीत, हेच खूप. मी त्यांच्यासमोर उभं राहून बोलायला लागलो. सरकार किती नीच आहे, यावर पत्रक काढतो, साऱ्या मुलुखाला कळू दे. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"तू लिख्या सो झूट नहीं था," ते म्हणाले. "पर आधा था. आगे का कायकू छोड्या?"

मग ते मराठीत बोलले. त्यांची मराठी आमच्यासारखीच होती, गावची. "दुपारी दार लावून मी तुम्हाला कोणत्या भाषेत शिकवत होतो? दाराच्या आतल्या बाजूला कोळशानं क ख ग कोण लिहिलं? तुला बाळबोध कुठं आली, पुण्यात?"

पुण्यात आली नव्हती. त्या दारामागं आली होती. इन्स्पेक्टर यायचा असला की एक मुलगा रस्त्यावर उभा राहायचा आणि मौलवीसाब दार उघडून टाकायचे, म्हणजे दार भिंतीला टेकायचं आणि अक्षरं झाकली जायची. ओसरीवर त्या दिवशी त्यांनी मला हेच सांगितलं होतं, मी स्वतः बघितलेलं असताना पुन्हा एकदा सांगितलं होतं, कारण त्यांना त्याचा अभिमान होता. मी ते ऐकलं आणि मसुद्यातून गाळलं.

"कारण ते लिहिलं असतं तर तुझं पत्रक मऊ पडलं असतं," ते म्हणाले. "सरकारचा मास्तर चांगला निघाला असता."

मी त्यांना वाचवायला म्हणून ते गाळलं असतं, पकडले जातील या भीतीनं गाळलं असतं, तर आज ताठ मानेनं सांगितलं असतं. मी गाळलं ते धार राहावी म्हणून.

गाडी निघाली. त्यांनी मला दुवा दिली नाही आणि शिव्याही दिल्या नाहीत.

पुण्याला परत गेलो. वही नव्हती. चष्मेवाल्यानं न मागता आपली टिपणं पुढं केली, वर म्हणाला, "सुलटी धरा." ती मी बाळबोधीत उतरवून काढली, एकेक अक्षर घोटत, आणि पास झालो. पुढची वर्षंही काढली. वर्गात बोलायचं मी सोडलं नाही. पण कुणाचं म्हणणं सांगताना मी आता शेवटपर्यंत सांगतो. प्राध्यापकांचंसुद्धा.

आता ते राज्य गेलं. नाका मात्र आहे तिथंच आहे, झेंडा तेवढा बदललाय. मी वही मागायला गेलो तर नव्या साहेबांनी सांगितलं, दप्तरात असेल, अर्ज करा. कुठल्या भाषेत, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

गावात शाळा नव्यानं सुरू करायची म्हणून समिती बसली. समितीचे प्रमुख अप्पांचे जुने स्नेही, अडतीचे व्यापारी. उद्घाटनाचं पत्रक मी लिहावं असं ठरलं. मी शाळा बघायला गेलो. सगळी चुन्यानं पांढरी केली होती आणि दारं निळी रंगवली होती, आतून बाहेरून. जुनी निशाणी नको म्हणे. मी रंगाखाली कोळसा दिसतो का म्हणून बराच वेळ दाराला डोळा लावून बघितलं. नाही दिसला.

पत्रकात मी मौलवीसाबांचं वाक्य घातलं, या वेळी पूर्ण. प्रमुखांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला.

"तम्मा, पोरा, लिहिलंस झकास. पण एवढं एक काढ."

"कामून?"

"आपण म्हणायलोय की गावात आईच्या भाषेचं अक्षर पहिल्यांदा आपण आणलं. तू म्हणायलास आधीच होतं. ते बी त्यांच्यातल्या माणसानं आणलं."

"होतं म्हणून म्हणायलोय."

"होतं बाबा, मी कुठं न्हाई म्हणतोय? माझा पोरगा तिथंच शिकला. पण आताच्या दिवसात पत्रक मऊ पडतंय त्यानं."

शब्द तोच. मी म्हणालो, वाक्य राहील, नाहीतर पत्रक दुसऱ्याकडून लिहून घ्या. त्यांनी दुसऱ्याकडून लिहून घेतलं. उद्घाटनाला पेढे होते, भाषणं होती, मी नव्हतो. तेलंगणातल्या त्या गावी मी दोन पत्रं टाकली आहेत, मौलवीसाबांच्या नावानं, त्यांनीच शिकवलेल्या अक्षरात. या दिवसांत ती पोचली की नाही, ते तिथं आहेत की नाहीत, मला कळलेलं नाही.

म्हणून ते वाक्य इथं छापतो. 'मी शिकवतो ते पोरांना कळत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून दुपारी दार लावून मी त्यांना त्यांच्या बोलीत शिकवतो, आणि कुणी विचारलं तर दार उघडून दाखवीन.' आमच्या गावच्या सदर मुदर्रिसांचं आहे. पहिला तुकडा मी एकदा चोरला होता.